ओटीपोटाच्या तळाशी घातलेला टाका

पुरुषाच्या ओटीपोटाच्या अगदी तळाशी, जघनास्थीच्या मागे आणि मूत्राशयाच्या खाली, अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. तिच्या मधून मूत्रमार्ग जातो, पाठीमागे गुदाशय जवळजवळ चिकटलेला असतो, पुढच्या अंगाला शिरांचे दाट जाळे असते, दोन्ही कडांनी लैंगिक क्षमतेसाठी आवश्यक असलेले मज्जातंतू जातात आणि खालच्या टोकाशी लघवी रोखून धरणारा स्नायू असतो. कर्करोगामुळे ही ग्रंथी काढायची झाली तर शल्यचिकित्सकाला या सगळ्यांना सांभाळून ती सोडवावी लागते, आणि ती निघाल्यावर मूत्राशयाचे तोंड खाली आणून मूत्रमार्गाच्या उरलेल्या टोकाला पुन्हा जोडावे लागते. हा जोड सैल राहिला तर लघवी पोटात झिरपते आणि तिथे व्रण धरला तर पुढे लघवीची वाट अरुंद होते. शल्यक्रियेचा रोबो मुळात हृदयासाठी तयार होत होता. छाती न उघडता बायपास करता यावी, ही त्याच्या निर्मात्यांची पहिली आशा होती. तो स्थिरावला मात्र यूरोलॉजीत, म्हणजे मूत्रसंस्थेच्या शल्यशाखेत, आणि त्याचे कारण मला या अडचणीच्या जागेत आणि या एका जोडात दिसते.

मी भूलतज्ज्ञ आहे. माझी जागा रुग्णाच्या डोक्याशी, पडद्याच्या अलीकडे असते. ओपन म्हणजे मोठा छेद घेऊन केलेली शस्त्रक्रिया, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि आता रोबोटिक शस्त्रक्रिया अशा तिन्ही प्रकारांना मी रुग्णांना भूल दिली आहे आणि त्या करणाऱ्या सर्जनना तासन्‌तास जवळून पाहिले आहे. नातेवाईक आणि परिचित ‘रोबोने करून घ्यावे का?’ असे विचारतात, तेव्हा दोन वाक्यांत उत्तर देणे मला जमत नाही. या लेखात ते सविस्तर द्यायचा प्रयत्न करते.

सुरुवात रोबोच्या बऱ्याच आधीपासून करावी लागेल. १९७०च्या दशकात प्रोस्टेटच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया करायला फारसे सर्जन धजत नसत. ग्रंथीवरच्या शिरा कापल्या गेल्या की रक्ताचा लोंढा येई, त्या लोंढ्यात पुढचे काही दिसत नसे आणि उरलेले काम बहुतांशी बोटांच्या स्पर्शावर उरकावे लागे. शस्त्रक्रियेतून रुग्ण वाचला तरी लैंगिक क्षमता जवळजवळ हमखास जाई आणि अनेकांना लघवीवर ताबा राहत नसे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील पॅट्रिक वॉल्श यांनी आधी या शिरांची रचना नीट अभ्यासून रक्तस्राव आटोक्यात आणण्याची पद्धत बसवली. रक्त थांबल्यावर जागा दिसू लागली. त्यानंतर १९७७ मध्ये त्यांच्याच एका रुग्णाने शस्त्रक्रियेनंतर आपली लैंगिक क्षमता शाबूत असल्याचे सांगितले, आणि संबंधित मज्जातंतू ग्रंथीच्या आतून जात नसावेत, अशी शंका वॉल्श यांना आली. १९८१ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे, निवृत्त झालेले यूरोलॉजिस्ट पीटर डाँकर यांच्याबरोबर मृतजात अर्भकाच्या शरीराचे विच्छेदन करताना त्यांना हे मज्जातंतू ग्रंथीच्या बाहेरून, कडेने जाताना स्पष्ट दिसले. १९८२ मध्ये वॉल्श यांनी ते जाणीवपूर्वक वाचवून पहिली शस्त्रक्रिया केली. आज जगातल्या कुठल्याही रोबोटिक शस्त्रक्रियागृहात सर्जन ज्या पातळीवरून ग्रंथी सोडवतो, ती पातळी या ओपन शस्त्रक्रियेच्या काळात सापडलेली आहे. रोबोच्या जाहिरातींत याचा उल्लेख कधीच नसतो, आणि मला ते खटकते.

शरीर न फाडता आत पोहोचण्याची धडपड यूरोलॉजिस्टांच्या रक्तातच आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही. १८७०च्या दशकात जर्मनीत माक्स नित्झे यांनी दिव्याची दुर्बीण मूत्रमार्गातून थेट मूत्राशयात नेली. पुढे वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी त्याच मार्गाने खरवडून काढण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे घरटी एखाद्या आजोबांची झालेली असते ती हीच. १९७६ मध्ये स्टॉकहोमला पाठीच्या बाजूने छोटे छिद्र पाडून मूत्रपिंडातील खडा काढला गेला आणि १९८० मध्ये म्युनिकमध्ये क्रिस्टियन शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरून दिलेल्या आघात-लहरींनी खडा फोडला. लंडनचे जॉन विकहॅम याच परंपरेतले. रुग्णाच्या शरीरावर शक्य तितका कमी आघात करून उपचार करणे ही शल्यचिकित्सेची दिशा असली पाहिजे, असे ते १९८०च्या दशकात आग्रहाने मांडत होते. १९९१ मध्ये त्यांनी इम्पिरियल कॉलेजच्या अभियंत्यांबरोबर प्रोबॉट नावाचे यंत्र रुग्णांवर वापरले. हे यंत्र ठरवून दिलेल्या आराखड्यानुसार प्रोस्टेटचा वाढलेला भाग स्वतः कापत असे. आजचा रोबो तसा नाही. तो स्वतःहून काहीही करत नाही. सर्जनची बोटे थांबली की त्याची टोके थांबतात. हे मी मुद्दाम सांगते, कारण शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी रुग्णाची तपासणी करताना ‘म्हणजे मशीनच सगळं करणार ना?’ असा प्रश्न मला अजूनही येतो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर कधी दिलासा असतो, कधी भीती.

पोटातील मोठा अवयव दुर्बिणीने काढण्याचा मान राल्फ क्लेमन यांच्याकडे जातो. अमेरिकेतील सेंट लुइस येथे २५ जून १९९० रोजी त्यांनी ८५ वर्षांच्या एका स्त्रीचे गाठ असलेले मूत्रपिंड छोट्या छेदांतून काढले. मूत्रपिंड आतल्या आत एका भक्कम पिशवीत घालून, तिच्यातच त्याचे तुकडे करून बाहेर आणले गेले, आणि या सगळ्याला सुमारे सात तास लागले. त्याच वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले आणि भारतात या शस्त्रक्रियेचे दार उघडले. प्रोस्टेटने मात्र दाद दिली नाही. टेक्सासच्या विल्यम शुस्लर यांनी १९९१ मध्ये ती दुर्बिणीने काढून पाहिली आणि पुढे सहकाऱ्यांसह ९ रुग्णांचा अनुभव १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. एका शस्त्रक्रियेला सरासरी नऊ तासांहून अधिक वेळ लागत होता, आणि ओपन पद्धतीपेक्षा यात काही फायदा नाही, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे लिहून ठेवला. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या मोंसुरी संस्थेत बेर्त्राँ गियोनो आणि गी व्हालांसिएँ यांनी एकेक पायरी घोटून ती सुसाध्य करून दाखवली. त्यांचे कसब वादातीत होते, पण ते दुसऱ्याच्या हातात उतरायला फार वेळ लागे. साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत उपकरणे लांब आणि सरळ असतात, हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जाते, पडद्यावर खोली दिसत नाही, आणि अशा अवस्थेत जघनास्थीच्या मागे वाकडी सुई फिरवून गोलाकार टाके घालायचे असतात. कात्री चालवण्याइतपत दुर्बीण अनेकांना जमली. टाका अडला.

मणी मेनन यांची गोष्ट या अडलेल्या टाक्यापासून सुरू होते. केरळच्या त्रिशूरचे मेनन पुदुच्चेरीच्या जिपमेर या वैद्यकीय संस्थेतून डॉक्टर झाले, जॉन्स हॉपकिन्समध्ये यूरोलॉजी शिकले आणि १९९७ पासून डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात विभागप्रमुख होते. ओपन शस्त्रक्रियेतले त्यांचे नाव मोठे होते आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. पन्नाशीच्या घरातल्या या माणसाने पॅरिसच्या त्या दोघांना डेट्रॉइटला बोलावून घेतले आणि त्यांच्याकडून शिकायला सुरुवात केली. दुर्बिणीची पद्धत आपल्या हाताला बसत नाही, हे लक्षात आल्यावर त्यांनी नव्याने आलेल्या दा विंची रोबोकडे मोर्चा वळवला. त्या यंत्राला अमेरिकेत २००० मध्ये परवानगी मिळालेली होती आणि त्याच वर्षी मे महिन्यात फ्रँकफर्टच्या योखेन बिंडर यांनी त्याने पहिली प्रोस्टेट काढली होती. म्हणजे पहिलेपणाचा मान मेनन यांचा नाही. त्यांचे काम वेगळे आणि माझ्या दृष्टीने अधिक मोठे आहे. त्यांनी या शस्त्रक्रियेच्या पायऱ्या ठरवल्या, प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली, पॅरिसच्या सर्जननी दुर्बिणीने केलेल्या आणि स्वतः रोबोने केलेल्या शस्त्रक्रियांचे निकाल शेजारी शेजारी मांडून प्रसिद्ध केले, आणि जगभरातून येणाऱ्या सर्जनना आपल्या शस्त्रक्रियागृहात उभे राहून बघू दिले. उद्योजक राज वट्टिकुटी यांच्या देणगीतून तिथे वट्टिकुटी यूरोलॉजी संस्था उभी राहिली आणि पद्धतही त्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

या यंत्राने दिले ते मनगट. दुर्बिणीच्या सरळ दांड्याच्या टोकाशी त्याने माणसाच्या मनगटासारखा, किंबहुना त्याहून अधिक फिरणारा सांधा बसवला, सर्जनच्या दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे देऊन खोली परत मिळवून दिली, हाताची बारीक थरथर गाळून टाकली आणि हाताची मोठी हालचाल आत लहान करून पोहोचवली. त्यामुळे ओपन शस्त्रक्रियेत आयुष्य घालवलेल्या सर्जनला आपले जुने ज्ञान घेऊनच छोट्या छेदांतून आत शिरता आले. नावारूपाला आल्यानंतर, हाताखाली शिकणारी मुले असताना, पुन्हा बाकावर बसून शिकण्याची तयारी किती दुर्मीळ असते, हे मी वैद्यकीय क्षेत्रात इतकी वर्षे पाहत आले आहे, म्हणून मेनन यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

आता शस्त्रक्रियागृहात काय घडते ते सांगते, कारण ते बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. रुग्णाला भूल दिल्यावर त्याचे हात अंगालगत गुंडाळले जातात, दाब पडेल अशा प्रत्येक ठिकाणी जेलची उशी ठेवली जाते, डोळ्यांवर चिकटपट्टी लावून संरक्षण दिले जाते आणि सलाईनच्या नळ्या लांब करून माझ्यापर्यंत आणल्या जातात, कारण यानंतर रुग्णाचा हात माझ्या हाताला लागणार नसतो. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरला जातो, साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतक्या दाबाने. मग टेबल डोक्याकडून २५ ते ३० अंश खाली झुकवले जाते, म्हणजे आतडी छातीकडे सरकतात आणि ओटीपोट मोकळे होते. या स्थितीत फुप्फुसांवर खालून दाब येतो, श्वासयंत्राला जास्त जोर लावावा लागतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि वेळ लांबला तर चेहरा व पापण्या सुजतात. काचबिंदूचा किंवा फुप्फुसांचा त्रास असलेल्या रुग्णाची मी आधी इतकी कसून चौकशी का करते, याचे कारण हे आहे. रोबोचे हात पोटावरच्या छेदांत बसवलेल्या नळ्यांना, म्हणजे पोर्टना, जोडले गेल्यावर रुग्ण तसूभरही हलून चालत नाही, म्हणून स्नायू शिथिल ठेवण्याची जबाबदारी शेवटपर्यंत माझी असते. याच वायूच्या दाबामुळे शिरांमधून होणारा रक्तस्राव दबून राहतो. रोबोटिक शस्त्रक्रियेत रक्त कमी जाते, याचे मोठे श्रेय सर्जनच्या हाताइतकेच या दाबालाही आहे.

सर्जन मात्र रुग्णाजवळ नसतो. खोलीच्या एका कोपऱ्यात पादत्राणे काढून तो कन्सोलवर, म्हणजे रोबो चालवण्याच्या मेजावर, बसतो, कपाळ टेकवतो, अंगठा आणि बोट पट्ट्यांत अडकवतो आणि पायांनी पेडल चालवतो. रुग्णाशेजारी उभा असतो तो साहाय्यक सर्जन. रक्त शोषून घेणे, क्लिप लावणे, सुई आत देणे आणि मोजून बाहेर घेणे, उपकरणे बदलणे, रोबोचे हात एकमेकांवर आदळू लागले तर ते वेळीच सांगणे, ही सगळी कामे त्याची. निष्णात सर्जनबरोबर नवखा साहाय्यक असला की शस्त्रक्रिया किती रेंगाळते, ते मला घड्याळावरून कळते. शेजारचा माणूस चांगला असेल तर कन्सोलवरून येणाऱ्या सूचनाही हळूहळू कमी होत जातात.

या यंत्राने सर्जनच्या हातातून स्पर्श काढून घेतला, हेही सांगायला हवे. २०२४ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेल्या नव्या दा विंची यंत्रात दाबाची जाणीव थोडीफार देण्याची सोय आली आहे, पण आजवरच्या यंत्रांत बोटांना काहीच कळत नव्हते. धागा किती ओढला जातो आहे हे सर्जन डोळ्यांनी ठरवतो: ऊती फिकट पडली का, धाग्याची वेटोळी सरळ झाली का, कड दुमडली का. ज्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी निश्चिंत असते, अशा सर्जनमध्ये मला एक सवय हमखास दिसली आहे. ते कोणतेही उपकरण कॅमेऱ्याच्या नजरेआड जाऊ देत नाहीत. चित्राबाहेर गेलेले टोक आतड्याला लागले तर त्या क्षणी कुणालाच कळत नाही. कळते ते दोन दिवसांनी, रुग्णाचे पोट फुगल्यावर.

ग्रंथी सुटून पिशवीत पडली की जोडाची वेळ येते. बहुतेक ठिकाणी बेल्जियमच्या रोलाँ व्हान व्हेल्टहोव्हेन यांनी २००३ मध्ये मांडलेला टाका वापरतात. दोन धागे, एक रंगीत आणि एक बिनरंगी, शेपटीकडून एकमेकांना बांधलेले असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला सुई असते. घड्याळाच्या तबकडीवर सहाच्या आकड्याशी, म्हणजे सर्वांत अवघड अशा मागच्या बाजूला सुरुवात करून एक धागा डावीकडून आणि दुसरा उजवीकडून वर चढत जातो आणि दोघे बाराच्या आकड्याशी भेटतात. मूत्रमार्गाचे टोक आत ओढले गेलेले असले तर कुणीतरी चादरीखालून रुग्णाच्या मांड्यांमधल्या भागावर मूठ दाबून धरतो, म्हणजे ते टोक पडद्यावर वर येते. साहाय्यक कॅथेटर पुढे-मागे करत राहतो. त्याचे टोक दिसले की सुई कुठे घालायची ते कळते आणि मग ते मागे घेतले जाते, नाहीतर धाग्यात कॅथेटरच शिवला जायचा. तोवर मी सलाईन हात राखून सोडत असते, कारण जास्त दिले तर लघवी वाढून सगळी जागा तिने भरते. शेवटी कॅथेटरमधून दीड-दोनशे मिलिलिटर पाणी मूत्राशयात भरून जोड तपासतात. थेंबही बाहेर आला नाही की कन्सोलवरून ‘सलाईन सोडा’ असा निरोप येतो आणि मी रुग्णाला पाण्याची राहिलेली उधारी चुकती करते.

इतके सांगितल्यावर वाचकाला वाटेल, मी रोबोची शिफारस करते आहे. तसे सरसकट नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे ओपन आणि रोबोटिक शस्त्रक्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक विभागणी करून काटेकोर तुलना झाली आणि ती २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. रोबोच्या गटात रक्त कमी गेले आणि रुग्ण लवकर घरी गेले. परंतु १२ आठवड्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही, आणि २०१८ मध्ये आलेल्या दोन वर्षांच्या निकालांतही दिसला नाही. तिथला ओपन शस्त्रक्रिया करणारा सर्जन अतिशय अनुभवी होता, ही गोष्ट विसरता कामा नये. दोन्हीकडे तयार हात असले की पद्धतीतला फरक आकसतो.

तयार हाताचा अर्थ किती खोल आहे, ते मला २००७ मधल्या अँड्र्यू व्हिकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून उमगले. अमेरिकेतील ७२ सर्जननी ओपन पद्धतीने शस्त्रक्रिया केलेल्या ७,७६५ रुग्णांची माहिती त्यांनी तपासली. ज्याच्या गाठीशी आधीच्या १० शस्त्रक्रिया होत्या, अशा सर्जनच्या रुग्णांत पाच वर्षांत कर्करोग पुन्हा डोके वर काढण्याची शक्यता १७.९ टक्के होती, आणि २५० शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्याच्या रुग्णांत १०.७ टक्के. रुग्ण तशाच प्रकारचे, शस्त्रक्रिया तीच, आणि एवढा फरक. रोबोमुळे काही पायऱ्या लवकर येतात. पण कर्करोगाची कड कुठे आहे, मज्जातंतू कुठे वाचवायचे आणि कुठे कर्करोगासाठी त्यांच्यावर पाणी सोडायचे, हा निर्णय यंत्र शिकवत नाही.

त्याआधी आणखी एक प्रश्न उरतोच: शस्त्रक्रिया करायची की नाही? ब्रिटनमध्ये पीएसए या रक्ततपासणीतून प्रोस्टेटपुरता मर्यादित कर्करोग सापडलेल्या १,६४३ पुरुषांना शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नियमित देखरेख अशा तीन गटांत विभागून सुमारे १५ वर्षे त्यांचा पाठपुरावा केला गेला. २०२३ मध्ये आलेल्या निकालांत तिन्ही गटांत प्रोस्टेटच्या कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण जवळपास सारखेच, ३ टक्क्यांच्या आसपास होते. देखरेखीच्या गटातील बऱ्याच जणांना पुढे उपचार घ्यावे लागले, आणि त्या गटात रोग पसरण्याचे प्रमाणही अधिक होते, हे खरे. तरीही कमी धोक्याच्या कर्करोगात घाईने टेबलावर येण्याचे कारण नसते. आपल्याकडे अनेक रुग्ण रोग बराच वाढल्यावर येतात, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येणार नाही. परंतु तपासणीत लवकर सापडलेल्या गृहस्थांना तो सर्जनने स्वतःहून सांगितला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मला सर्वांत आदरणीय वाटणारे सर्जन तो सांगतात, आणि त्यामुळे त्यांची शस्त्रक्रियांची यादी थोडी आखूड झाली तरी त्यांना त्याचे काही वाटत नाही.

मूत्रपिंडाच्या बाबतीत रोबोचे पारडे मला अधिक जड वाटते. लहान गाठ असेल तर पूर्ण मूत्रपिंड न काढता गाठीपुरता भाग काढणे हिताचे असते, पण त्यासाठी रक्तवाहिनी काही वेळ चिमट्याने बंद करावी लागते आणि तेवढ्या अवधीत गाठ कापून उरलेले मूत्रपिंड शिवून काढावे लागते. हा अवधी २५ ते ३० मिनिटांच्या आत ठेवण्याकडे सर्वांचा कटाक्ष असतो, आणि खोलीतला कुणीतरी मिनिटे मोठ्याने मोजत असतो. पूर्वी या वेळी आम्ही मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी मॅनिटॉल हे लघवी वाढवणारे औषध देत असू. त्याचा उपयोग होत नसल्याचे पुढे चाचण्यांत दिसले आणि ती प्रथा मागे पडली. ताठ उपकरणांनी इतक्या वेळात इतके टाके घालणे मोजक्यांनाच साधत असे. रोबोमुळे ते अनेकांच्या आवाक्यात आले, आणि कितीतरी रुग्णांचे मूत्रपिंड वाचले.

भारतात यूरोलॉजीतील रोबोटिक शस्त्रक्रिया दिल्लीच्या एम्समध्ये २००६ मध्ये सुरू झाली. २०१३ मध्ये गुरुग्रामच्या मेदांता रुग्णालयात राजेश अहलावत आणि मेनन यांच्या चमूने रोबोने मूत्रपिंड प्रत्यारोपण करताना ओटीपोटात बर्फाचा चुरा भरून, नवे मूत्रपिंड रक्तवाहिन्यांना जोडले जाईपर्यंत थंड ठेवण्याची पद्धत पद्धतशीरपणे बसवली. भूलतज्ज्ञ म्हणून मला त्यातला रुग्णाचे तापमान सांभाळण्याचा भाग विशेष कुतूहलाचा वाटतो. गुरुग्राममध्येच डॉ. सुधीर श्रीवास्तव यांनी ‘मंत्र’ हा भारतीय बनावटीचा रोबो तयार केला आहे. खर्च उतरायचा असेल तर अशा यंत्रांतूनच उतरेल, कारण आयात यंत्राच्या किमतीखेरीज त्याची प्रत्येक चिमटी-कात्री ठरावीक वापरांनंतर यंत्र स्वतःच बाद करते आणि तो भार शेवटी रुग्णाच्या बिलावर येतो. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ मधील मार्गदर्शक सूचनांनी आरोग्य विम्यातून रोबोटिक शस्त्रक्रिया वगळायला मनाई केली, पण तिच्यासाठी कमाल रकमेची अट घालण्याची मुभा ठेवली. पॉलिसीतील ती अट दाखल होण्यापूर्वी वाचावी. डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीपाशी नव्हे.

नव्या पिढीविषयी मला एक काळजी वाटते. आजचे तरुण यूरोलॉजिस्ट जोड-कन्सोलवर शिकतात. गुरू एका कन्सोलवर आणि शिष्य दुसऱ्यावर, आणि हवे तेव्हा उपकरणांचा ताबा एकाकडून दुसऱ्याकडे देता येतो. शिकवण्याची ही सोय फार चांगली आहे. परंतु यातील अनेकांनी ओपन पद्धतीने प्रोस्टेट काढताना क्वचितच पाहिलेली असते. मोठी रक्तवाहिनी फाटली तर रोबोचे हात सोडवून, यंत्र मागे घेऊन पोट उघडावे लागते, आणि त्या वेळी ज्याने कधी पोटात हात घातलेला नाही, असा सर्जन समोर असणे मला परवडणार नाही. म्हणूनच माझ्या माहितीतील एक ज्येष्ठ सर्जन आपल्या विद्यार्थ्यांना ओपन शस्त्रक्रियेच्या यादीवर आवर्जून हजर राहायला लावतात, आणि यंत्र किती वेळात दूर करता येते याचा सराव आम्हा सर्वांकडून, परिचारिका आणि वॉर्डबॉयसह, करून घेतात.

ब्रिटनमध्ये यूरोलॉजिस्टांच्या संघटनेने २०१३ पासून मूत्रपिंड काढण्याच्या शस्त्रक्रियांचे निकाल सर्जननिहाय जाहीर करायला सुरुवात केली. आपल्याकडेही, विशेषतः रोबोची पानभर जाहिरात देणाऱ्या रुग्णालयांनी, असे आकडे भिंतीवर लावायला हवेत, असे मला वाटते. ते होईपर्यंत रुग्णाने किंवा त्याच्या मुलाने ओपीडीत सर्जनला सरळ विचारावे: डॉक्टर, ही शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः किती केल्या आहेत, वर्षाला किती करता, तुमच्या किती रुग्णांच्या कापलेल्या कडेवर कर्करोग राहिला, वर्षभरानंतर लघवीसाठी पॅड न वापरता राहणारे किती, कन्सोलवर पूर्ण वेळ तुम्हीच असाल का, शेजारी कोण उभे राहील, आणि माझ्या बाबतीत थांबून पाहणे शक्य आहे का? या प्रश्नांचा चांगल्या सर्जनना राग येत नाही. माझ्या ओळखीचे दोघे तर आपली नोंदवही समोर ठेवूनच रुग्णाशी बोलतात.